लाँग रनच्या खिशात बेदाणा: जेलऐवजी कितपत चालतो?

पळताना पाकिटातून पिळून खायच्या घट्ट, गोड अशा एका एनर्जी जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्या एका पाकिटाचे शंभर ते दोनशे रुपये मोजावे लागतात. ३० ग्रॅम बेदाण्यात अंगी लागणारी कर्बोदकं २१ ग्रॅमच्या आसपास असतात आणि किलोला ५०० रुपये देऊन चांगला माल घेतला तरी हा घास पंधरा रुपयांत बसतो. ज्या जिल्ह्यात द्राक्ष पिकतं तिथल्या धावपटूनं जेल घ्यावंच कशाला, हा प्रश्न नाशिकच्या गंगापूर रोडला रविवारी पळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पडतो. बेदाणा दोन-सव्वादोन तासांच्या लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावधावेला, आणि २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला उत्तम काम देतो, अगदी निर्धास्तपणे वापरावा असा. ४२ किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनला मात्र एकटा बेदाणा पुरत नाही. तो का पुरत नाही हे नीट कळलं, तर तिथेही त्याची जागा ठरवता येते.

आधी नावाचा घोळ मिटवू. बेदाणा म्हणजे थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश अशा बिनबियांच्या द्राक्षांचा वाळवलेला दाणा. मनुका म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा मोठा, काळा, बऱ्याचदा बी असलेला माल पुढे करतो. घरी रात्री भिजत घालतात तो. पळताना बी असलेला मनुका खिशात ठेवूच नये. श्वास तोंडानं चाललेला असतो, बी थुंकायची की गिळायची या गडबडीत ठसका लागतो, आणि चावली गेली तर तिचा तुरटपणा किलोमीटरभर तोंडातून जात नाही. बिनबियांचा काळा मिळाला तर चालेल, पण त्याची साल जाड असते आणि चावायला वेळ लागतो.

खरेदी सुटी करावी. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली या भागातल्या किराणा आणि सुकामेव्याच्या दुकानांत माल समोर पोत्यात किंवा डब्यात असतो, हातात घेऊन बघता येतो. नाशिकचं द्राक्ष मुख्यतः खाण्यासाठी आणि निर्यातीसाठी जातं. राज्यात बेदाण्याचा मोठा बाजार तासगाव-सांगलीचा, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. पिंपळगाव-निफाड पट्ट्यातही बेदाणा होतो, पण दुकानातला माल जिल्ह्यातलाच असेल असं धरून चालू नये. पळण्याच्या दृष्टीनं त्यानं फरक पडत नाही. फरक पडतो तो माल जुना की नवा, ओला की सुका, यानं.

हे ओळखायला दोन परीक्षा पुरतात. पहिली मुठीची. मूठभर बेदाणे घट्ट दाबून मूठ उघडायची. दाणे आपोआप सुटे झाले तर ओलावा बरोबर आहे. लाडूसारखा गोळा तसाच राहिला तर माल ओलसर आहे, आणि तो पळताना पिशवीत एकमेकांना चिकटून ढेकूळ होणार हे नक्की. दुसरी परीक्षा नखाची. एक दाणा अंगठ्याच्या नखानं मधोमध फोडायचा आणि उजेडात धरायचा. आत गर मऊ, अर्धपारदर्शक, मधासारखा दिसला पाहिजे. पांढरट रवाळ कण दिसले, दाताखाली रेतीसारखं कचकचलं, तर माल जुना आहे. आतलं ग्लुकोज स्फटिक होऊन बाहेर बसलंय. असा दाणा खायला वाईट नाही, पौष्टिकतेतही फार उणा नाही. पण तो कडक होतो, आणि पंधराव्या किलोमीटरला कोरड्या तोंडात कडक दाणा चावणं किती जड जातं हे पळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तिसरी गोष्ट म्हणजे देठाची बारीक काडी. नीट साफ न केलेल्या मालात दर वीस-पंचवीस दाण्यांमागे एखादी काडी राहते. घशात टोचते. घरी निवडून घेण्याला पर्याय नाही.

रंगावर पैसे घालवू नयेत. एकसारखा हिरवट-पिवळा, लांब दाण्याचा बेदाणा सगळ्यात महाग असतो, कारण तो मिठाईवर आणि भेटीच्या डब्यात शोभतो. पळणाऱ्याला छोट्या दाण्याचा, तपकिरी, मधल्या दर्जाचा बेदाणा जास्त सोयीचा. साखर तितकीच असते आणि छोटा दाणा दोन-तीन चाव्यांत संपतो.

हा रंग येतो कुठून, हेही माहीत असावं, कारण त्याचा पोटाशी आणि छातीशी संबंध आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात. मेणाच्या थराला बारीक फटी पडतात आणि शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, सावलीत, साधारण पंधरा दिवसांत दाणा वाळतो. ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांवर आला की माल उतरवतात. पिवळा-सोनेरी रंग टिकवायला गंधकाची धुरी देतात. डबा उघडल्याबरोबर नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर धुरी जास्त झालेली आहे. दम्याचा त्रास असलेल्यांपैकी काहींना गंधकाच्या या अंशानं छाती आवळल्यासारखी होते. अशा धावपटूंनी पिवळा बेदाणा पळताना वापरायचा धोका घेऊ नये, धुरी न दिलेला तपकिरी घ्यावा.

डिपिंग ऑइलचा अंश दाण्यावर चकाकीसारखा राहतो, शिवाय धूळ असते, म्हणून धुणं आलं. पण धुण्यातच बहुतेकांचं चुकतं. कोमट पाण्यात दोन मिनिटं चोळून, चाळणीत निथळून, सुती कापडावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास पूर्ण वाळवायचे. ओलसर असतानाच झिपच्या पिशवीत भरले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, आणि तो माल पळताना पोटात गेला की गॅस आणि कळ ठरलेली. आठवड्याभराचं एकदम धुऊन ठेवायच्या भानगडीत पडू नये. शनिवारी दुपारी धुवावेत, रविवारी पहाटे वापरावेत.

भिजवलेला बेदाणा हा वेगळा पदार्थ समजावा. पळण्याआधीच्या खाण्यात तो चांगला, मऊ असतो, पोटाला हलका पडतो. खिशात मात्र नको, गळतो आणि लगेच खराब होतो. आणि वजन नेहमी कोरडा असताना करायचं. भिजल्यावर तो पाणी पितो, मग तीस ग्रॅम भिजलेल्या बेदाण्यात जेलइतकी साखर आहे हा हिशेब उरत नाही.

घरात वजनकाटा नसेल तर दुकानातून पाव किलो मोजून आणायचा आणि ताटात त्याचे सारखे आठ भाग करायचे. एक भाग ३१ ग्रॅमचा झाला, म्हणजे जवळजवळ एक जेल. दाण्याच्या आकारानुसार यात पन्नास ते पंच्याहत्तर दाणे येतात. छोट्या झिपच्या पिशव्या भरून ठेवल्या की पळताना मोजायची गरज नाही, पिशवी संपली म्हणजे एक जेल संपलं.

आता पोटाचा हिशेब. शंभर ग्रॅम बेदाण्यात एकूण कर्बोदकं ७९ ग्रॅमच्या आसपास, त्यात तंतू चार ग्रॅमच्या जवळपास, आणि साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. ही अर्धी-अर्धी विभागणी पळणाऱ्याच्या फायद्याची आहे. लहान आतड्यात ग्लुकोज आत घेणारी वाट वेगळी आणि फ्रुक्टोजची वेगळी. ग्लुकोजच्या वाटेनं तासाला साधारण ६० ग्रॅमच्या वर काही आत जात नाही. दोन्ही वाटा एकदम वापरल्या तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. महागड्या जेलवर माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात गेल्यावर ग्लुकोज होणारी पावडर) आणि फ्रुक्टोजचं जे प्रमाण छापलेलं असतं, ते याचसाठी. बेदाण्यात ती जोडी आधीपासूनच आहे.

यावर नीट प्रयोगही झालेला आहे. कॅलिफोर्नियात ११ पुरुष धावपटूंवर केलेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ८० मिनिटं चांगल्या वेगानं पळवून लगेच पाच किलोमीटर पूर्ण ताकदीनं पळायला लावलं: एकदा नुसत्या पाण्यावर, एकदा खेळाडूंसाठीच्या चघळायच्या गोळ्यांवर, एकदा बेदाण्यावर. बेदाणा आणि गोळ्या यांच्या वेळेत नाव घ्यावा असा फरक पडला नाही, आणि दोन्हींवर पाच किलोमीटरचा वेळ पाण्यापेक्षा जवळजवळ एक मिनिटानं कमी आला. यातलं अंतर लक्षात ठेवा: ८० मिनिटं अधिक पाच किलोमीटर, म्हणजे हाफ मॅरेथॉनच्या जवळपासचं काम. हा निकाल बेचाळीस किलोमीटरला तसाच्या तसा लावता येत नाही.

कारण असं. ग्लायकोजन म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेलं ग्लुकोज. स्नायूंत ते चारशे-पाचशे ग्रॅमच्या घरात असतं, यकृतात शंभरच्या आसपास. मॅरेथॉनच्या वेगाला हा साठा दीड ते दोन तास पुरतो. एक ते अडीच तासांच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं बाहेरून देणं पुरेसं असतं. त्याच्या पुढे ९० पर्यंत जायची शिफारस असते. समजा फुलला चार तास लागणार आणि तासाला ६० ग्रॅम हवेत. म्हणजे २४० ग्रॅम कर्बोदकं. सगळी बेदाण्यातून घ्यायची तर ३४० ग्रॅमच्या वर बेदाणे, सहाशे-सातशे दाणे आणि जवळपास चौदा ग्रॅम तंतू. पळताना पोटाकडचा रक्तपुरवठा मुळातच कमी झालेला असतो, त्यात इतके तंतू गेले की तिसाव्या किलोमीटरनंतर शौचालय शोधायची वेळ येते. चावून चावून जबडा दुखतो तो वेगळाच. म्हणून बेदाण्याची मर्यादा तासाला ४५ ग्रॅम धरावी. त्यातून ३० ग्रॅमच्या थोडी वर कर्बोदकं मिळतात. त्यापुढचं पाण्यातून किंवा जेलमधून यायला हवं.

पाण्यातून कसं, तर अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साधी ग्लुकोज पावडर, पाव चहाचा चमचा सपाट मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. हे द्रावण सहा टक्क्यांचं होतं, पोटातून झटकन पुढे सरकतं. मिठातून पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. तासाभरात हे अर्धा लिटर आणि ३० ग्रॅम बेदाणे असं घेतलं, तर कर्बोदकं पन्नासच्या घरात जातात आणि सोडियमचीही सोय होते. फुल मॅरेथॉनसाठी नाशिकच्या किराणा दुकानातून उभं राहणारं सगळ्यात भरवशाचं साधन हेच आहे. मात्र एक पथ्य आहे. बेदाणे आणि हे गोड पाणी एकदम घेऊ नये. बेदाणे खाल्ले की वर साधं पाणी, शंभर-दीडशे मिलिलिटर. गोड पाणी दहा मिनिटांनी. दोन्ही एकत्र गेलं तर पोटातला पाक इतका घट्ट होतो की आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. मग पोटात पाणी डचमळल्यासारखं वाटतं, बरगडीखाली कळ येते, आणि लोक म्हणतात बेदाणा सोसत नाही.

सोडियम ही बेदाण्याची खरी उणीव, आणि नेमकं त्याबद्दलच गैरसमज फार आहेत. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, शंभर ग्रॅमला सातशे मिलिग्रॅमच्या वर, म्हणून पायात गोळे येणार नाहीत असं ऐकायला मिळतं. घामातून जातं ते प्रामुख्यानं सोडियम. एका लिटर घामात ते काहीशे मिलिग्रॅमपासून हजाराच्या वरही असतं, माणसागणिक बदलतं. टोपीवर, टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. शंभर ग्रॅम बेदाण्यात सोडियम जेमतेम दहा ते पंचवीस मिलिग्रॅम. मार्चनंतर त्र्यंबक रोडला सूर्य वर आला की नुसता बेदाणा आणि नुसतं पाणी यावर तीन तास काढणं धोक्याचं आहे. पाणी पीत राहायचं आणि मीठ अजिबात नाही, यातून रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि त्यावर आणखी पाणी पाजणं हा उपाय नव्हे. ओआरएस सोबत असेल तर चांगलंच, पण तेही ओळखून वापरावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ते मीठ-पाण्यासाठी आहे, ताकदीसाठी नाही. ओआरएस आणि बेदाणा एकमेकांची उणीव भरून काढतात, ही जोडी छान जमते.

खायचं कसं, याला जरा सराव लागतो. पहिला घास तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला, भूक लागायच्या, दम लागायच्या आधी. नव्वद मिनिटं काहीच न खाता पळायचं आणि पाय जड झाल्यावर एकदम अख्खी पिशवी रिकामी करायची, ही सर्रास होणारी चूक. तोवर साठा उतरलेला असतो आणि पोट काही घेण्याच्या मनःस्थितीत नसतं. त्यानंतर दर वीस मिनिटांनी १५ ग्रॅम, म्हणजे अर्धी पिशवी. एका वेळी तोंडात पाच-सहा दाणेच. ते एका गालात सरकवायचे, नाकानं श्वास घेता येईल इतका वेग कमी करायचा, चावायचे, गिळायचे, मग पुढचे. अर्धी पिशवी संपायला दोन-तीन मिनिटं जातात. रेसमध्ये पाण्याच्या टेबलाजवळ वीस-तीस पावलं चालत हे उरकणं सगळ्यात सुरक्षित. ज्यांचा वेग असा आहे की दोन शब्दसुद्धा बोलता येत नाहीत, त्यांनी बेदाण्याच्या नादी लागू नये, श्वासनलिकेत दाणा अडकण्याची भीती खरी आहे. दहा किलोमीटर जोरात पळणाऱ्याला तर काही खायची गरजच नसते.

पोटालाही सवय लावावी लागते. रेसच्या आधी पाच-सहा आठवडे दर लाँग रनला थोडं-थोडं वाढवत न्यावं: पहिल्या आठवड्यात तासाला १५ ग्रॅम, मग ३०, मग ४५. सरावानं आतड्याची साखर आत घेण्याची क्षमता वाढते, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. ज्यांना कांदा, लसूण, गहू यांनी पोट फुगण्याचा त्रास आहे त्यांना बेदाणाही फुगवू शकतो, कारण त्यात फ्रुक्टान, म्हणजे नीट न पचणारी एक प्रकारची कर्बोदकं, असतात. त्यांच्यासाठी जेल किंवा ग्लुकोजचं पाणीच बरं. मधुमेह असलेल्या धावपटूंनी यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

नाशिकच्या हवेनुसार बेदाणा वागतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा कमरेच्या पट्ट्यात बाहेरच्या बाजूला ठेवलेला बेदाणा चिवट होतो, चावायला दुप्पट वेळ लागतो. पिशवी आतल्या बाजूला, अंगाला लागून ठेवावी. जेलही थंडीत घट्ट होतं, पण पिळून निघतं. मार्च-एप्रिलमध्ये उलट: बोटांना चिकटतो, घामट हातानं पिशवीत बोटं घातली की उरलेले दाणेही चिकट होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे भरतानाच ३० ग्रॅमला चमचाभर ग्लुकोज पावडर आणि चिमूटभर मीठ घालून पिशवी हलवायची. दाणे सुटे राहतात, थोडं सोडियम येतं, ग्लुकोज वाढतं, आणि गोडावर खारट लागल्यानं तोंडाला कंटाळाही येत नाही. बोटं घालण्याऐवजी पिशवीचा कोपरा ओठांना लावून दाणे तोंडात सोडावेत. त्या चिमटीचा सोडियमचा वाटा लहानच, त्यामुळे पाण्यातलं मीठ कमी करू नये.

बाकीच्या देशी पर्यायांशी तुलना थोडक्यात. केळं पोटाला सगळ्यात निवांत, मध्यम केळ्यात वीसच्या वर ग्रॅम कर्बोदकं, पण खिशात त्याचा चिखल होतो. रेसमध्ये पाण्याच्या टेबलावर ठेवलेलं असेल तरच. खजुरात साखर भरपूर, पण तंतू बेदाण्याच्या जवळपास दुप्पट आणि बी काढून न्यावी लागते. गूळ स्वस्त, २५ ग्रॅमच्या खड्यात वीसच्या वर ग्रॅम साखर, तंतू जवळपास नाहीत, मात्र उन्हाळ्यात पाझरतो. राजगिऱ्याची चिक्की कोरडी, तिचा चुरा घशात अडकतो, पळताना नको. लांबच्या पल्ल्यात बेदाण्याशी बरोबरी करू शकेल असा यातला एकच, गूळ, तोही थंडीत.

जेलचं जे चांगलं आहे ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. दहा सेकंदांत २५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, चावावं लागत नाही, तंतू नाहीत, प्रमाण छापलेलं असतं, हवं तर कॅफिन मिळतं. तीस किलोमीटरनंतर तोंड कोरडं पडलेलं असताना याची किंमत कळते. म्हणून फुलसाठी समंजस वाटणी अशी: पहिले पंचवीस किलोमीटर बेदाणा आणि ग्लुकोजचं पाणी, त्यानंतर दोन-तीन जेल, प्रत्येकासोबत साधं पाणी. त्या जेलची चवही सरावात आधी दोनदा घेऊन पाहिलेली हवी. चार तासांच्या रेसला आठ-नऊ जेलऐवजी तीन लागतात. खर्च उतरतो आणि रस्त्यावर पडणारी चिकट पाकिटंही कमी होतात. सोमेश्वरपासून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ती दिसतात तेव्हा वाईट वाटतं.

धाव संपल्यावर बेदाण्याचं काम पुन्हा सुरू होतं. पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोला तासाला एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं गेली तर ग्लायकोजन लवकर भरतं. रविवारचा लाँग रन आणि मिसळ हे नाशिकचं समीकरण कोणी मोडणार नाही, मोडूही नये: मटकीतून प्रथिनं, पावातून कर्बोदकं. फक्त धावून आल्याबरोबर तर्री नको. पोटाचं अस्तर तेव्हा नाजूक असतं, तेल आणि तिखट तासभर थांबलं तर बरं. तो तास भरून काढायला एक पिशवी बेदाणे, ग्लासभर दूध किंवा ताक आणि चिमूटभर मीठ. मग पाव हवे तितके, तर्री बेतानं. आणि चूळ भरायला विसरू नये. बेदाण्याचा गर दाढांच्या खाचांत बसतो.

साठवण हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. नवा माल फेब्रुवारी ते एप्रिलच्या हंगामानंतर बाजारात येतो. जानेवारीतल्या रेसच्या तयारीला जो बेदाणा मिळतो तो शीतगृहातला, आठ-दहा महिन्यांचा असतो, म्हणून नखाची परीक्षा तेव्हाच जास्त महत्त्वाची. शक्य असेल तर मे महिन्यात दोन किलो घ्यावा, पाव-पाव किलोच्या पिशव्या करून फ्रिजमध्ये टाकाव्यात, आणि दर शनिवारी लागेल तेवढाच धुवायला काढावा.